गाडी किती ठिकाणी बदलायची?

युरोपचा प्रवास करून आलेल्या माणसाला आपल्याकडे दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, “काय काय पाहिलंत?” आणि दुसरा, आवाज थोडा खाली आणून, “एकंदर खर्च किती आला हो?” या दोन्ही प्रश्नांची उत्तरे देऊन देऊन आता ती मला पाठ झाली आहेत. पण तिसरा एक प्रश्न आहे आणि तो आजवर मला कोणीही विचारलेला नाही. एका देशातून दुसऱ्या देशात तुम्ही गेलात कशाने? वास्तविक प्रवासातला निम्मा आनंद आणि जवळजवळ सगळी कटकट या एका प्रश्नात साठवलेली असते. राजवाडे, चित्रशाळा आणि देवळे यांच्यावर लिहिलेल्या पुस्तकांनी कपाटे भरतील. पण तीन बॅगा, एक शस्त्रक्रिया झालेला गुडघा आणि चार देश यांची मोट कशी बांधावी हे सांगणारे पुस्तक निदान माझ्या तरी हाती लागले नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

“त्यात काय एवढं? विमानानं जावं,” असे कोणी म्हणेल. पण व्हिएन्ना आणि बुडापेस्ट या दोन राजधान्यांमधले अंतर आपल्या मुंबई-साताऱ्याइतके आहे. साताऱ्याला विमानाने कोण जातो? विमानतळावर जाण्यात आणि तिथे ताटकळण्यात जेवढा वेळ जायचा, तेवढ्यात आगगाडी मुक्कामाला पोचते. तेव्हा विमान बाजूला ठेवू. उरल्या तीन गोष्टी : आगगाडी, बस आणि शटल.

यांपैकी शटल म्हणजे काय ते आधी सांगतो. आपल्याकडे शटल म्हटले की दोन स्टेशनांमध्ये खेपा घालणारी लोकल डोळ्यांपुढे येते. तिकडचे हे शटल म्हणजे सातआठ माणसांची छोटी मोटार. ठरल्या वेळी ती तुम्हाला तुमच्या दारातून उचलते आणि परक्या देशातल्या दुसऱ्या दाराशी नेऊन उतरवते. मराठी माणसाला खरे तर या तिन्ही वाहनांचे अप्रूप वाटायचे कारण नाही. मुंबई-पुण्याच्या बाबतीत हाच निवाडा आपण पिढ्यान् पिढ्या करत आलो आहोत. १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन सुरू झाली. १ जून १९४८ रोजी पुण्याहून त्या वेळच्या अहमदनगरला पहिली एस.टी. सुटली. आणि दादर स्टेशनाबाहेर “पुणे, पुणे, एक सीट!” असा पुकारा करणारे टॅक्सीवाले कोणाला ठाऊक नाहीत? क्वीनने जाणारा मनुष्य तिच्यातल्या खाण्यासाठी आणि गप्पांसाठी जातो. यष्टीने जाणारा पैशाचा आणि स्टँडवरून घर किती जवळ याचा हिशेब करून जातो. आणि टॅक्सीने जाणाऱ्याला एक तर घाई असते किंवा बरोबर म्हातारी आई असते. या विषयात आपण जन्मजात पदवीधर! फरक इतकाच की खंडाळ्याच्या घाटात कोणी पासपोर्ट मागत नाही.

आमची मुलगी व्हिएन्नाला असते. नोकरीसाठी गेली, तिथेच तिचा संसार मांडला गेला, त्याला नऊ वर्षे झाली. आमच्या सौभाग्यवतींच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा तिला येता आले नव्हते. त्या दिवशी इथे मी दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो आणि तिकडे ती फोन हातात धरून बसली होती. तेव्हापासून तिच्या प्रत्येक फोनमध्ये आईला चार सूचना असायच्या : जिना चढू नकोस, पिशव्या उचलू नकोस, रिक्षा करत जा, एकटी बाहेर पडू नकोस. आई “हो हो” म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी भाजीबाजारातून दोन पिशव्या घेऊन चालत यायची. यंदा आम्ही तिच्याकडे गेलो, तेव्हा तिने आठ दिवसांची रजा काढली होती. बेत असा होता : व्हिएन्नाहून चेक देशातले क्रुमलोव नावाचे लहानसे जुने गाव, तिथून प्राग, प्रागहून बुडापेस्ट आणि परत व्हिएन्ना. म्हणजे मधल्या स्लोव्हाकियासकट चार देश. जावईबापूंना रजा नव्हती. पण सल्ला द्यायला रजा लागत नाही.

रात्री जेवणानंतर टेबलावर नकाशा उघडला आणि घरात तीन पक्ष पडले.

मी आगगाडीच्या पक्षाचा. युरोप खंड म्हणजेच रुळांचे जाळे, असे माझे लहानपणापासूनचे मत. आमच्या वाटेवरच्या लिंझ शहरापासून चेक देशातल्या बुडेयोवित्सेपर्यंत १८३२ सालीच रूळ पडले होते. ब्रिटन सोडून उरलेल्या युरोपातल्या अगदी पहिल्या लोहमार्गांपैकी तो एक. गाडी ओढायला घोडे असत आणि ती वाहून न्यायची मीठ. मी म्हटले, “जिथे दोनशे वर्षांपूर्वी मीठ गाडीने जात होते, तिथे आपण का जाऊ नये?” युरोपातल्या बहुतेक देशांत रुळांची रुंदी एकच, १४३५ मिलिमीटर, म्हणून एका देशाचा डबा दुसऱ्या देशात सुखाने जातो. स्पेनची जुनी रुंदी मात्र वेगळी, १६६८, म्हणजे आपल्या ब्रॉडगेजपेक्षा जेमतेम आठ मिलिमीटर कमी! विजेच्या बाबतीत मात्र प्रत्येकाची चूल निराळी आहे. ऑस्ट्रिया, जर्मनी आणि स्वित्झर्लंडच्या तारांत १५,००० व्होल्ट, हंगेरीच्या तारांत २५,०००, इटलीत बव्हंशी ३,००० आणि तेही एकदिश. पूर्वी सीमेवर गाडी थांबायची, एक इंजिन सुटायचे आणि दुसरे लागायचे. मुंबईच्या बाजूला १,५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह होता, तेव्हा इगतपुरीला इंजिन बदलेपर्यंत आपण उतरून वडे खात होतो. त्यातलाच हा प्रकार. आता सगळ्या प्रकारची वीज पचवणारी इंजिने निघाली. गाडी न थांबता पुढे जाते, आणि प्रवाशाचे खाणे मात्र चुकते.

जावईबापू बसच्या पक्षाचे. त्यांचा युक्तिवाद सरळ होता. आगगाडीचे तिकीट दोन महिने आधी काढले तर स्वस्त, दोन दिवस आधी काढले तर तोंडचे पाणी पळते. बसचे तिकीट त्या मानाने केव्हाही काढा. त्यांनी एक गमतीची गोष्ट सांगितली. जर्मनीत रेल्वेला स्पर्धा नको म्हणून १९३० नंतरच्या दशकात केलेल्या कायद्याने लांब पल्ल्याच्या बसगाड्यांना जखडून टाकले होते. ते बंधन उठले १ जानेवारी २०१३ रोजी. फ्रान्सने २०१५ साली दार उघडले. त्यानंतर साऱ्या खंडभर हिरव्या-पिवळ्या बसगाड्यांचा सुळसुळाट झाला. विद्यार्थी, मजूर, आजीला भेटायला निघालेली नातवंडे, ज्यांचा वेळ पैशापेक्षा स्वस्त अशी सगळी मंडळी बसमध्ये आली. “बाबा, रात्री बसायचं, सकाळी दुसऱ्या देशात उतरायचं,” ते म्हणाले. ते पस्तिशीचे आहेत, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

मुलगी शटलच्या पक्षाची. तिने आधीच सगळीकडची शटले पाहून ठेवली होती. नव्हे, पैसे भरायच्या बेतात होती. “आईला फलाट नको, जिने नको, ओझी नकोत. दारातून दारात. जास्त पैसे पडले तरी चालतील.” तिच्या आवाजात असे काही होते की आम्ही दोघे पुरुष गप्प झालो. ती आपल्या आईसाठी गाडी ठरवत नव्हती. त्या दवाखान्याच्या दिवशी जे करता आले नाही ते आता करू पाहत होती.

या सगळ्या वादात ज्या गुडघ्याच्या नावाने खल चालला होता, त्याची मालकीण ओट्यापाशी दूध विरजत होती. ती हात पुसत आली आणि म्हणाली, “मला एवढंच सांगा, गाडी किती ठिकाणी बदलायची?”

तिघेही एकदम बोलू लागलो. तिने कॅलेंडरचे मागच्या महिन्याचे पान फाडले, पाठकोऱ्या बाजूवर पेन्सिलीने चार उभ्या रेघा ओढल्या आणि एकेका प्रवासासाठी चार प्रश्न मांडले. गाडी किती ठिकाणी बदलायची? पायऱ्या किती? उतरल्यावर बिऱ्हाड किती लांब? आणि वाटेत बाथरूमची सोय काय? किती किलोमीटर, किती तास, किती युरो, यांना तिने रकानेच दिले नाहीत. तीस वर्षे डोंबिवलीहून व्ही.टी.ला लोकलने नोकरीला जाऊन आलेली बाई ती. प्रवास म्हणजे अंतर नव्हे, प्रवास म्हणजे चढ-उतार, हे तिला कोणी शिकवावे लागत नाही.

क्रुमलोवच्या रकान्यात आगगाडीचा निकाल लागला. व्हिएन्नाहून लिंझपर्यंत गाडी झोकात जाते, सव्वा तासात. पण तिथे बदली, पुढे बुडेयोवित्सेला पुन्हा बदली, आणि क्रुमलोवचे स्टेशन गावाबाहेर टेकाडावर. तिथून जुन्या गावात उतरायचे ते दगडी फरसबंदीवरून, चाकांच्या बॅगा खडखडवत. थेट बस व्हिएन्नाहून सोयीची दिसेना. “इथे शटल,” ती म्हणाली. मुलीचा चेहरा उजळला. “पण इथेच. प्रागहून बुडापेस्टला आगगाडी. तिथे बदलीही नाही आणि नदी दिसते म्हणतात. आणि बुडापेस्टहून येताना बस.”

“आई, बस कशाला?”

“बसचा स्टँड तुझ्या घरापासून मेट्रोच्या एका स्टेशनावर आहे ना? आगगाडीनं मोठ्या स्टेशनावर उतरायचं आणि पुन्हा शोधाशोध करत यायचं ते कशाला? आणि हे बघ,” तिने पेन्सिल खाली ठेवली, “मला सांभाळून न्यायचं असेल तर खुशाल ने. पण पार्सलासारखं नेऊ नकोस.”

टेबलावर क्षणभर कोणी बोलले नाही. मग जावईबापूंनी हळूच नकाशाची घडी घातली.

शटल सकाळी आठला दारात आले. चालक चेक होता. चाळिशीचा, मितभाषी, बॅगा मात्र फुलासारख्या उचलणारा. दोन कोरियन मुली, एक ऑस्ट्रेलियन जोडपे आणि आम्ही तिघे. खिडकीतून शेते दिसू लागली आणि सगळे पेंगुळले. ही मात्र सीमेची वाट पाहत टक्क जागी. ग्म्युंड गाव मागे पडले, आणि काही वेळाने तिने मुलीमार्फत चालकाला विचारले, “सीमा कधी येणार?” “गेली की,” तो म्हणाला. पाट्यांवरच्या अक्षरांच्या डोक्यावर बारीक टोप्या आल्या होत्या, एवढीच काय ती खूण.

पण हे गाव साधे नाही. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० साली, या ग्म्युंडचे दोन तुकडे झाले. गाव ऑस्ट्रियात राहिले आणि रेल्वेस्टेशन, कारखान्यासकट, चेकोस्लोव्हाकियात गेले; त्या भागाचे नाव आता चेस्के वेलेनित्से. एका साम्राज्यासाठी आखलेले रूळ नव्या सीमांनी असे ठिकठिकाणी कापले. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर याच रानातून काटेरी तारा गेल्या आणि त्या १९८९ पर्यंत राहिल्या. आमचा चालक पुढे पाहतच म्हणाला, “माझे वडील या गावापासून पंधरा किलोमीटरवर जन्मले. त्यांनी ऑस्ट्रिया पाहिला तो चाळिशी उलटल्यावर.” आता तो स्वतः रोज दोनदा ती सीमा ओलांडतो, आणि कंटाळतोही. जिथे रेल्वे सरळ जात नाही तिथे शटल का चालते, याचे उत्तर मला त्या गावात मिळाले. आगगाडी जुन्या राज्यांच्या आठवणीने धावते. आजच्या माणसाला जायचे असते भलतीकडेच.

जुन्या क्रुमलोवात मोटारींना सहसा आत सोडत नाहीत, तरी त्याने आमच्या बॅगा बिऱ्हाडाच्या पायरीपर्यंत आणून ठेवल्या. शटलची बाजू इथे शंभर टक्के जिंकली. पण तिचे दोषही सांगतो. गाडीत उठून पाय मोकळे करता येत नाहीत. पेट्रोलपंपावर चालक थांबेल तेव्हाच उतरायचे. आणि पैसे माणशी, तेही आगगाडीच्या आगाऊ तिकिटाहून बरेच जास्त. एकट्या तरुणाने त्या वाटेला जाऊ नये. चार माणसांचे कुटुंब असेल आणि त्यात एक वृद्ध वा एक तान्हे मूल असेल, तर मात्र हात आखडू नये.

क्रुमलोवहून प्रागला आम्ही बसने गेलो. तीन तास, बदली नाही, स्टँड गावाच्या कडेलाच. तो एका देशातला प्रवास, म्हणून त्याची कथा लांबवत नाही.

प्रागच्या मुख्य स्टेशनावर एक विशेष पाहायला मिळतो. गाडी कोणत्या फलाटावर लागणार, हे सुटायच्या थोडाच वेळ आधी फळ्यावर झळकते. तोपर्यंत शेकडो माणसे माना वर करून उभी, आणि आकडा आला की एकदम धावाधाव. मुलीच्या पोटात गोळा आला. ही मात्र शांतपणे फलाटांच्या बोगद्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. “कुठलाही आकडा येऊ दे, इथून सगळे फलाट सारखेच लांब,” ती म्हणाली. दादरच्या पुलावर तीस वर्षे काढलेली बाई प्रागला का गडबडेल? आकडा लागला, लोक आमच्या दोन्ही बाजूंनी पळाले, आणि आम्ही चालत गेलो.

डब्याची पायरी उंच होती. तिकडे फलाट आणि डबे यांची उंची सगळीकडे जुळत नाही, आणि हमाल हा प्राणी दिसतच नाही. मुलीने वर चढून दोन्ही हात पुढे केले. “तू बॅग धर,” ही म्हणाली, “दांडी मी धरते.” डावा पाय वर, दांडीला घट्ट हात, मग उजवा. लोकल पकडताना करायची तशीच, फक्त जरा सावकाश. मुलगी बॅग छातीशी धरून पाहत राहिली. काही बोलली नाही. डब्यात शिरल्यावर तिने खिडकीकडे तोंड करून नाक पुसले, आणि मी पेपर उघडला.

सुमारे सात तासांचा तो प्रवास मी जन्मभर विसरणार नाही. उठावे, फिरावे, भोजनाच्या डब्यात जाऊन गरम सूप घ्यावे, बटाटे आणि तळलेले चीज खावे, पांढऱ्या कपात कॉफी प्यावी. बर्नो गेले, ब्रातिस्लाव्हा आले. एक गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. ब्रातिस्लाव्हानंतर बुडापेस्टकडे जाताना उजव्या हाताची खिडकी धरावी. श्तुरोवोपाशी डॅन्यूबच्या पलीकडच्या काठावर एस्तेरगोमच्या देवळाचा घुमट वर येतो. नदीच्या या बाजूला स्लोव्हाकिया, त्या बाजूला हंगेरी. मधला पूल १९४४ साली युद्धात उडवला गेला आणि २००१ साली पुन्हा उभा राहिला. सत्तावन्न वर्षे दोन गावे समोरासमोर बसून एकमेकांकडे नुसती पाहत होती. पुढे नदी वळते आणि गाडीही तिच्याबरोबर वळते. हे दृश्य बसवाल्याला मिळत नाही आणि शटलवाल्यालाही नाही, कारण रस्ता दुसरीकडून जातो. आगगाडीचा खरा फायदा वेग नव्हे. तिच्यात बसून माणूस प्रवासी राहतो, सामान होत नाही.

आगगाडीच्या बाबतीत दोनचार व्यवहाराच्या गोष्टी. ऑस्ट्रियासारख्या देशांत तिकीट वेगळे आणि जागेचे आरक्षण वेगळे. पुष्कळ गाड्यांत नुसत्या तिकिटावर उभे राहावे लागू शकते, म्हणून थोडे पैसे जास्त देऊन जागा राखावी. एकाच गाडीचे काही डबे वाटेत तुटून दुसऱ्या गावाला जातात, म्हणून डब्यावरचे गावाचे नाव वाचूनच चढावे. आणि ते नावही कोणत्या भाषेत असेल, याची हमी नाही. व्हिएन्नाला जर्मन लोक वीन म्हणतात, चेक लोक वीडेन आणि हंगेरियन चक्क बेच! बुडापेस्टची तर आणखी एक गंमत. तिथल्या एका मोठ्या स्टेशनाचे नाव न्युगाती म्हणजे पश्चिम, दुसऱ्याचे केलेती म्हणजे पूर्व; आणि पश्चिमेला व्हिएन्नाकडे जाणाऱ्या मुख्य गाड्या सुटतात पूर्व स्टेशनावरून. बदली असेल, तर सगळा प्रवास एकाच तिकिटावर काढणे बरे. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे गाडी तासाहून अधिक उशिरा पोचली तर पाव भाडे आणि दोन तासांहून अधिक उशीर झाला तर अर्धे भाडे परत मागता येते. उशीर असाधारण आपत्तीमुळे झाला असेल, तर मात्र नाही. तिकिटांचे तुकडे केले, तर पुढची गाडी चुकल्याचे दुःख आपले एकट्याचे.

बुडापेस्टहून परतीची बस. स्टँडवर चालकाने तिकिटावरचे नाव आणि पासपोर्ट ताडून पाहिले, बॅगा गाडीच्या पोटात ढकलल्या आणि बरोबर मिनिटाला गाडी सोडली. बसमधली बाथरूम मधल्या अरुंद पायऱ्या उतरून जायची, तेव्हा तिचा रकाना हिने आधीच स्टँडवर भरून टाकला होता. शेजारच्या बाकावर एक हंगेरियन मुलगी मांडीवर डबा घेऊन बसली होती; व्हिएन्नात ती वृद्धांची शुश्रूषा करते आणि सुटी मिळेल तेव्हा बसने आईकडे येते-जाते, असे बोलण्यात कळले. आईने भरून दिलेल्या डब्याचा वास सर्व देशांत सारखाच असतो. तिने आम्हाला खसखशीची वडी दिली. हिने तिला चिवडा दिला. आगगाडीत देखावा मिळतो, तसे बसमध्ये माणूस मिळते.

सीमेवर मात्र बस थांबली. इथे थोडा खुलासा केला पाहिजे. १४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधल्या शेंगेन गावापाशी, मोझेल नदीतल्या एका बोटीवर, पाच देशांनी आपसातल्या तपासण्या उठवायचा करार केला. चेक देश, स्लोव्हाकिया आणि हंगेरी त्यात आले २१ डिसेंबर २००७ रोजी. क्रोएशिया २०२३ च्या आरंभी. आणि रुमानिया व बल्गेरियाच्या जमिनीवरच्या सीमा खुल्या झाल्या १ जानेवारी २०२५ रोजी. म्हणून आपल्याला एकाच व्हिसावर हे सारे देश पाहता येतात. मात्र कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच. पण नाके उठले म्हणजे तपासणी कायमची गेली असे नव्हे. २०१५ च्या सप्टेंबरात निर्वासितांचे लोंढे आले तेव्हा ऑस्ट्रियाने हंगेरीच्या बाजूची तपासणी पुन्हा सुरू केली आणि वेळोवेळी तिची मुदत वाढवली. जर्मनीनेही १६ सप्टेंबर २०२४ पासून आपल्या सर्व भूसीमांवर तपासणी लावली. तेव्हा पासपोर्ट बॅगेत, आणि बॅग बसच्या पोटात, असे कधी करू नये. आणखी एक : आपला व्हिसा एकदाच प्रवेश देणारा असेल तर सर्बिया किंवा बोस्नियाच्या बसमध्ये हौसेने चढू नये. ते देश या कराराबाहेरचे. गेलात की परतीचे दार बंद.

एक तरुण पोलीस आत आला. त्याने हिचा पासपोर्ट पाहिला, हिच्याकडे पाहिले आणि मान लववून परत दिला. याच बाजूच्या तारा हंगेरीने १९८९ च्या मे महिन्यात कापायला सुरुवात केली होती, आणि त्या सप्टेंबरात पूर्व जर्मनीची हजारो माणसे या सीमेवरून पश्चिमेला निघून गेली. त्यांतली कित्येक जण तेव्हा कशाकशात बसून गेली असतील! त्यांना कोणी विचारले नसेल, आगगाडी बरी की बस बरी. गाडी मिळणे हीच चैन होती. आपल्याला निवड करता येते, तिच्यावरून रात्रभर भांडता येते, हे केवढे भाग्य, असा विचार त्या थांबलेल्या बसमध्ये मनात आला. दहा मिनिटांत गाडी सुटली.

आता कोणी मला विचारलेच, तर माझे उत्तर तयार आहे. मोठ्या शहरातून मोठ्या शहरात, आणि थेट, जायचे असेल तर आगगाडी; तिकीट जमेल तितके आधी काढून. बेत आयत्या वेळी ठरला असेल, खिसा हलका असेल किंवा बसचा स्टँडच मुक्कामाजवळ असेल, तर बस. पण रात्रीची बस तिशीच्या आतल्यांनी करावी. जिथे रूळ वळसे घेतात अशा आडगावी, माणसे जास्त आणि त्यांत एखादे थकलेले असेल, तर शटल. पण या तिन्हींच्या आधी एक पायरी आहे. ज्याच्यासाठी आपण एवढा विचार करतो, त्याला विचारावे. पुष्कळदा त्याने तो आपल्यापेक्षा जास्त केलेला असतो.

परतल्यानंतरच्या आठवड्यात मुलीची कचेरी सुरू झाली. एका सकाळी डबा भरताना तिने दोन तिकिटे टेबलावर ठेवली : व्हिएन्ना ते ब्रातिस्लाव्हा, जाऊन-येऊन, आगगाडीने. व्ही.टी.हून कल्याण जेवढे, साधारण तेवढेच ते अंतर. पण देश दुसरा, भाषा दुसरी, राजधानी दुसरी. आईने तिकीट चष्म्याजवळ धरून उलटसुलट पाहिले.

“गाडी किती ठिकाणी बदलायची?”

“एकाही ठिकाणी नाही.”

“आणि तू?”

“मी कशाला? तुम्ही दोघं जा,” मुलगी म्हणाली. तिने पायांत बूट चढवले, दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, “संध्याकाळी येताना फक्त दही घेऊन या. संपलंय.”

एवढेच. जिना, रिक्षा, गुडघा, यांतले एक अक्षरही नाही. ही पर्स शोधायला आत गेली. मी मात्र पाहिले, की दार ओढून घेताना आमची मुलगी हसत होती.